भजनातली दुसरी खुर्ची

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत शेजारच्या काकू फटकळ म्हणून प्रसिद्ध. गुरुवारच्या भजनात त्या आणि त्यांच्या समोरच्या घरातल्या वहिनी मागे खुर्च्यांवर बसत. दोघींचेही गुडघे झिजलेले. काकूंच्या आयटीतल्या मुलाने त्यांच्यावर नवे उपचार करवले. त्यांच्याच हाडातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून गुडघ्यात सोडल्या. "माझ्यापेक्षा त्या पेशींचीच बडदास्त जास्त," काकू म्हणायच्या. वहिनींनाही दाखवलं, पण डॉक्टर म्हणाले, "फार उशीर झालाय."

वर्षभराने, ऐन मे महिन्यात, काकू घरी चक्क मांडी घालून विळीवर कैऱ्या चिरताना दिसल्या. संध्याकाळी भजनात मात्र पुन्हा वहिनींशेजारी खुर्चीवर!

"अहो काकू, आता खाली बसता येतं ना?" मी हळूच विचारलं.

"फरशी गार लागते," काकू म्हणाल्या आणि पदराने घाम पुसला.