जावयानं बसवलेलं लिनक्स

कापूस वेचणाऱ्या बाईच्या लुगड्याला जसा पाला-काडी चिकटतो, तसे हे किस्से मला चिकटलेत. झटकायला जावं, तर घरभर होतात! नांदुऱ्याच्या एका साप्ताहिकात मी डीटीपी ऑपरेटर होते. दादासाहेबांच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मालक आणि संपादक दादासाहेब, प्रूफं तपासायला रिटायर्ड मास्तर बोदडे सर, आणि मी. एवढाच स्टाफ. चौथा माणूस पुण्यात राहायचा, आणि सगळा ताप त्याचाच. दादासाहेबांचे जावई, प्रसन्नराव!

*

प्रसन्नराव दिवाळसणाला आले आणि सहज आमच्या कॉम्प्युटरसमोर बसले. "पप्पा, ही तर विंडोजची पायरेटेड कॉपी! चोरीचा माल!"

चोरी म्हटल्याबरोबर दादासाहेबांचं तोंड उतरलं. दुसऱ्याच दिवशी जावयांनी दोन्ही मशीनवरचं विंडोज पुसून लिनक्सची ताजी-ताजी आवृत्ती चढवली. फुकट! सोबत एक जाडजूड चोपडं. या आवृत्तीत कुठे कुठे घोळ आहेत, आणि त्यावर काय जुगाड करायचा, ते सगळं त्यात छापलेलं. घोळाला म्हणायचं 'नोन बग', म्हणजे आधीच माहीत असलेला दोष, आणि जुगाडाला 'वर्कअराउंड'.

"बघा, केवढा प्रामाणिकपणा!" जावई म्हणाले. "दोष आधीच लिहून देतात!"

बोदडे सर माझ्या कानाशी पुटपुटले, "सोयरीक जमवतानी असंच चोपडं भेटलं असतं, त दादासाहेब वाचले असते!"

*

त्या लिनक्सला आमचा प्रिंटर दिसायचाच नाही. पुण्याला फोन लावला.

"हो ताई, नोन बग आहे. मशीन सुरू होत असताना प्रिंटरचा प्लग काढायचा आणि परत लावायचा. वर्कअराउंड!" असं बोलले, जसं काही दुखणं बरं केलं!

प्लग टेबलाखाली, पार भिंतीशी. मी साडीत. म्हणून जायचे बोदडे सर. एकदा एक गिऱ्हाईक आलं, तर टेबलाखालून फक्त धोतर आणि दोन पाय बाहेर.

"सर, काय हरपलं?"

खालून आवाज आला, "काही नाही हरपलं! प्रिंट काढून राह्यलो!"

*

कीबोर्ड आपल्याच मर्जीनं मराठीत जायचा. पासवर्डाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आत मराठी उमटतंय की इंग्रजी, देवाला माहीत. जावयांचा वर्कअराउंड असा, की पासवर्ड आधी वरच्या, नावाच्या रकान्यात टाइप करून डोळ्यांनी बघायचा, मग उचलून खाली टाकायचा.

दादासाहेब एका बोटानं टाइप करायचे. एकदा ते असेच बसले होते. मी बाजूला, सर मागे, आणि दादासाहेबांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आलेल्या. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. एस. एच. ओ. बी. एच. ए.

शोभा!

काकूंचं नाव सुमित्रा.

"ही शोभा कोन हो?" काकूंनी कप टेबलावर ठेवत विचारलं.

दादासाहेबांनी घाईघाईनं अक्षरं खोडली. "ते... तो एक नोन बग आहे!"

"नोन त मलेही आहे," काकू म्हणाल्या. "पुढचं बोला!"

*

मग रफार गेला. पडद्यावर दिसायचा, कागदावर गायब! एका शाळेचा 'वर्धापन दिन' आमच्याकडून 'वधापन दिन' होऊन गेला. हेडमास्तर अंक घेऊन भांडायला आले.

पुण्याहून उत्तर आलं, "रफार असलेले शब्द टाळा ना!"

"आता शब्द टाळा!" बोदडे सर भडकले. "उद्या म्हनतीन, मराठीच टाळा!"

पण करता काय? टाळले. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात होती. मजकूर 'कार्यसम्राट, कर्तव्यदक्ष, मार्गदर्शक नेता'. रफारवाले शब्द काढत गेलो, तर उरलं फक्त 'नेता'. सर म्हणाले, "राहू दे. खरं तेवढंच उरलं!"

दादासाहेबांचा अग्रलेखही असाच सोलावा लागला. 'सर्वार्थानं' गेलं, 'मर्मग्राही' गेलं, 'दीर्घदर्शी' गेलं. अंक निघाला, आणि रोहिणखेडचा एक जुना वर्गणीदार मुद्दाम ऑफिसात आला.

"दादासाहेब, वा! इतक्या वर्षांत पयल्यांदा अग्रलेख समजला!"



*

आणि वरवट बकालचे गुलाबराव! माणूस असा, की शेजाऱ्याशी बांधावरून भांडण, सोयऱ्याशी मानपानावरून भांडण, आणि कोणी नाही भेटलं तर बैलाशी! त्यांचे थोरले भाऊ सदाशिवराव वारले. सदाशिवराव मात्र गरीब गाय. गुलाबराव स्वतः येऊन श्रद्धांजलीचा मजकूर देऊन गेले. 'प्रेमळ, मनमिळाऊ सदाशिवराव यांना श्रद्धांजली', आणि खाली 'शोकाकुल – गुलाबराव'.

नेमके प्रसन्नराव सुट्टीवर आलेले. "सरका ताई, मी दाखवतो काम कसं करायचं!" त्यांनी दोन्ही नावं वेगवेगळ्या चौकटींत बसवली.

त्या लिनक्समध्ये फाइल बंद करून परत उघडली, की मजकुराच्या चौकटी जागा बदलायच्या. हाही नोन बग. छापून होईपर्यंत फाइल बंदच करायची नाही, हा वर्कअराउंड. जावयांना तोंडपाठ! आम्हाला तेच तर शिकवायचे. पण आतून काकूंनी मांडे झाल्याची हाक मारली, आणि जावयांनी सवयीनं फाइल बंद केली. जेवून आले, उघडली, छापली.

सरांनी प्रूफ मागितलं, तर म्हणाले, "प्रूफ कशाला? मी आहे ना!"

अंक निघाला. प्रेमळ, मनमिळाऊ गुलाबराव यांना श्रद्धांजली. शोकाकुल – सदाशिवराव!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गुलाबराव हजर. हातात अंक. दादासाहेब हात जोडून उभेच राहिले. प्रसन्नराव पुढे झाले, "काका, त्याचं काय आहे, हा एक नोन..." गुलाबरावांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे ते स्टुलावर बसले.

"चूक झाली, गुलाबराव," दादासाहेब म्हणाले. "पुढच्या अंकात मोठी दुरुस्ती छापतो. पहिल्या पानावर. तुम्ही हयात आहात म्हणून."

गुलाबराव खुर्चीत बसले. अंक मांडीवर पसरला आणि त्या चौकटीवर बोट ठेवलं.

"माह्या भावाले मनमिळाऊ म्हना. तो होता," ते म्हणाले. "पन मले? कालपासून सारं वरवट हासून राह्यलं!"

"तेच म्हणतो मी. छापतो ना, की तुम्ही जिवंत..."

"मरनाचं राहू द्या हो," गुलाबराव म्हणाले. "ते 'मनमिळाऊ' तेवढं काढा!"