सैल सोडलेला चाप

आईच्या अन्ननळीत गाठ होती, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. त्या दुष्काळात ती कित्येक आठवडे ग्लुकोजच्या बाटलीवर जगली. कळंबहून एक कंपाउंडर सायकलवर रोज यायचा. काचेची बाटली खुंटीला उलटी टांगायचा, नळीला टिचक्या मारून हवेचे बुडबुडे घालवायचा. तेवढ्यात कुणी बोललं की खेकसायचा, "गप ऱ्हावा की!" मला त्याचा धाकच होता. आमच्याकडं चहाही घेत नसे. "पेशंट उपाशी, आन् म्या चहा पिऊ व्हय?"

एकदा तो बाहेर सायकलचं पंक्चर काढत बसला होता. आईजवळ भूमहून आलेली मावशी होती. तिला ते थेंब थेंब पडणं बघवेना. "पाव्हण्यालाबी कुणी आसं वाढत न्हाय," म्हणत तिनं नळीवरचा चाप सैल केला. धार लागली. एवढं पाणी एकदम शिरेत गेलं तशी थोड्या वेळानं आई खोकू लागली, तिला श्वास पुरेना.

मी ओरडलो. तो धावत आला. पंक्चर काढून काळ्या झालेल्या बोटांत नळी दाबून धरली, आईला टेकवून बसवलं. तिचा श्वास परतेपर्यंत त्यानं नळी सोडली नाही.

मग त्यानं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून आणली. चाप पुन्हा थेंबावर आणला आणि वरून पट्टी करकचून आवळली.

मावशी रडवेली झाली. "माज्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर हाय," दुसरी गाठ मारत तो म्हणाला, "तुमच्या मायेवर न्हाय."