पोतंभर आकडे

पिंपळशेंड्यात कोणाच्या डब्यात काय आहे, हे त्या घरच्या बाईनंतर चतुराबाईलाच ठाऊक. गावची चक्की तिची. दळणाचा डबा समोर आला की ती आधी त्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळापासून धान्य ढवळायची, मगच ओतायची. एखादा खिळा जरी चक्कीच्या दगडांत गेला तरी दगडांचं वाटोळं होतं. या हाताला आजवर खिळे लागले, पोरांच्या गोट्या लागल्या, एकदा तर लग्नघरच्या गव्हात नथ लागली. नथ तिनं नवरीच्या आईला परत दिली, आणि पुढं वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगितली. चांगलं काम करून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हेच.

गाव मूर्तिजापूरच्या अलीकडचं, सडकेपासून अर्धा कोस आत. वर्षं भारनियमनाची. कापसानं भल्याभल्यांना रडवलं होतं आणि पेपरात आमच्या जिल्ह्यांची नावं आली की बातमी वाईटच असायची. चतुराबाईनं वीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात वाकून निंदण केलं होतं. चक्की बसली त्या दिवशी तिनं नवऱ्याला, मोतीरामला, सांगितलं, "आता मी कोनाच्या धुऱ्यावर उभी राह्यनार नाई." आणि खरंच राहिली नाही. पीठ अंगावर घेऊन ती दिवसभर त्या खोलीत अशी वावरायची की जणू कलेक्टर कचेरीच तिच्या नावावर झाली आहे.

पण चक्कीला वीज लागते आणि विजेनं तर छळ मांडला होता. सकाळी अकराला जायची ती संध्याकाळी यायची. असायची तेव्हाही तिच्यात दम नसायचा. दिवा विडीच्या टोकाएवढा पेटायचा, आणि चक्कीची मोटर कण्हत कण्हत फिरायची. अशा कमी दाबानं मोटर दोनदा जळाली. दुसऱ्यांदा अकोल्याच्या मिस्त्रीनं तारा भरून देताना बजावलं, "बाई, आता तिसऱ्यांदा आणू नका. सरळ भंगारात घाला." तेव्हापासून दिवा मंदावला की चतुराबाई धावत जाऊन चक्की बंद करायची. मोटर गेली की चक्की गेली, आणि चक्की गेली की पुन्हा तोच धुरा, तोच परक्या शेताचा बांध, तेच वाकणं.

गावच्या लाइनीवर वायरमन होता नासिर. खांबावर जितका चपळ तितकाच जमिनीवर बोलका. तिनं त्याला एकदा चक्कीतच धरलं.

"नासिरभाऊ, आमच्या लायनीले दम काहून नाई?"

"दम कुठून येईन? गावचा ट्रान्सफॉर्मर, ही डीपी, बसली तवा गावात तीन टीव्ही होते. आता कूलर हायेत, फ्रीज हायेत, मोबाइल तर घरोघर. डीपी मात्र तीच. अन् वरून हे आकडे."

आकडे म्हणजे काय, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जाड तार वाकवायची, बांबूला बांधायची आणि वरून जाणाऱ्या लाइनीवर लटकवायची. मीटर नाही, अर्ज नाही, घरात उजेड. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तसे पिंपळशेंड्यात घरोघरी आकडे होते.

"डीपीतून शंभर निघते," नासिर म्हणाला, "अन् मीटरांत साठच दिसते. जिथं गळती जास्त तिथं भारनियमन जास्त, असा हिशोब हाय आता. आपल्या लायनीवर चार गावं. तीन बरी हायेत. खोट तुमच्या गावाची."

चतुराबाईला हे चटकन कळलं. शंभर शेर दळलं आणि डब्यात साठच शेर पीठ निघालं, तर बाकीचं कोणीतरी खाल्लं. इतकं सोपं होतं.

पुढं गावागावांत वीज समित्या निघाल्या. समितीचं अध्यक्षपद म्हणजे शिव्या खायचं काम, त्यामुळं सगळ्या पुरुषांना एकदम बाईमाणसाचा मान आठवला आणि चतुराबाई अध्यक्ष झाली. तिला वाचता यायचं, तेवढं निमित्त पुरलं. बुद्धविहारातल्या साक्षरता वर्गात ती चाळिशीत अक्षरं शिकली होती, आणि तेव्हापासून रस्त्यात पडलेला कागदही ती उचलून वाचायची.

मे महिन्यात तालुक्याच्या वीज कार्यालयातून तिच्या नावानं पत्र आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नावापुढं 'श्रीमती' लागलं होतं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. 'आपल्या गावातील सर्व आकडे काढून, एकत्र करून, सोमवारी सकाळी अकरा वाजता समक्ष जमा करावेत.'

मोतीराम म्हणाला, "काय करतीन आकड्याईचं?"

"सरकारी काम हाय. आपल्याले काय कराचं हाय विचारून? मांगितले, देऊन टाकू."

आता खरं सांगायचं तर कार्यालयाला हवे होते नुसते आकडे. मीटर किती, पंखे किती, मागच्या महिन्याचं रीडिंग किती. वीज कंपनीला नवीन मीटर बसवायचे होते, आपलं आपण रीडिंग पाठवणारे, आणि त्यासाठी ही माहिती जमवणं चाललं होतं. पण पत्र लिहिणाऱ्या बाबूनं गावात कधी मुक्काम केला नसावा. 'आकडे काढा' म्हटल्यावर पिंपळशेंड्यात माणूस वहीकडे बघत नाही, तारेकडे बघतो.

काढायचे तर सुरुवात घरापासून. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, अशी गत तिला नको होती. चक्कीला मीटर होता, पण मागच्या घराला नव्हता. मोतीरामनं क्रिकेटच्या मॅचसाठी आकडा टाकला होता आणि त्या आकड्यावर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव होता.

"मॅच संपू दे," तो म्हणाला.

"मॅच वर्षभर चालते तुमची."

भारनियमनाचा एक उपयोग झाला. अकरानंतर लाइन मेलेली असायची. नासिरनं ऑफिसला फोन करून खात्री केली आणि बांबूनं पहिला आकडा उतरवला तो मोतीरामचा. चतुराबाईनं तो पोत्यात टाकला, पोतं नासिरच्या खांद्यावर दिलं आणि दोघं गल्लीत निघाली. स्वतःचा आधी काढला म्हटल्यावर लोक आकडे देऊ लागले. कोणी लाजत दिला, कोणी 'आमचा नाही, आधीच्या भाडेकरूचा' म्हणून दिला. एका म्हातारीनं तर सोबत दोन कांदेही दिले, ते कशाबद्दल ते तिलाच ठाऊक. नासिर हसून हसून बेजार झाला होता. पत्राचा खरा अर्थ त्याला पहिल्या दिवशीच कळला होता, पण तो बोलला नाही. पंधरा वर्षांत जे त्याला जमलं नव्हतं ते दोन दिवसांत होत होतं, मग बोलायचं कशाला?

चाळीस आकडे जमले. राहिला एक, नत्थुजीचा.

नत्थुजी माजी सरपंच. त्यांच्या आकड्यावर दोन कूलर, फ्रीज आणि कडबा कापायचं यंत्र चालायचं. गावच्या गळतीतली अर्धी गळती त्या एका वाड्यात जिरत होती.

"मी आकडा टाकत नाई," नत्थुजी खाटेवरून म्हणाले. डोक्यावर तार लोंबत होती.

"मंग हे काय हाय?"

"हे कपडे वाळू घालाची तार हाय."

आत नत्थुजीच्या बायकोनं, लीलाबाईनं, पदर तोंडावर धरला. चतुराबाई तशीच परत फिरली, पण रात्रभर ती रागानं धुमसत राहिली.

सोमवारी ती पोतं घेऊन एसटीत चढली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?"

"आकडे."

कंडक्टर खाली वाकला. "हळू बोला बाई. मटक्याचे आकडे असे गाडीत बोलाचे असतात काय? मांगच्या सीटवर हवालदार हाय."

कार्यालयात नव्या इंजिनीअर होत्या, रश्मी मॅडम. अमरावतीच्या, वयानं लहान. इतर गावांचे लोक वह्या आणि कागद घेऊन ओळीनं बसले होते. चतुराबाईचा नंबर आला.

"पिंपळशेंडा. आकडे आणले?"

"आनले. चाळीस हायेत. एक राह्यला, तो मानूस नाई म्हन्ते."

आणि तिनं पोतं फरशीवर उलटं केलं.

खोलीभर खणखणाट झाला. वाकड्या, गंजक्या, काळ्या पडलेल्या तारांचा ढीग मॅडमच्या टेबलापर्यंत घरंगळला. मग कोपऱ्यातला बाबू फिस्सकन हसला, त्याच्यामागून सगळी खोली हसली. कोणीतरी तिला समजावलं की बाई, आकडे म्हणजे रीडिंग, नंबर. चतुराबाईला आपल्या हातातल्या रिकाम्या पोत्याची लाज वाटली. चाळिशीत शिकलेली सगळी अक्षरं त्या क्षणी तिच्या अंगावर येऊन पडल्यासारखी झाली. तिला वाटलं, निंदणच बरं होतं. तिथं निदान कोणी वाचायला सांगत नव्हतं.

रश्मी मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या, ढिगातला एक आकडा उचलून त्यांनी निरखून पाहिला.

"हे लोकांनी स्वतः काढून दिले?"

"हाव. पयला माह्या घरचा."

मॅडम बाबूकडे वळल्या. "आपण नवे मीटर कशासाठी बसवणार आहोत? गळती कुठं आहे ते कळावं म्हणून. या बाईंनी गळतीच पोत्यात भरून आणली." मग चतुराबाईला म्हणाल्या, "काकू, या चाळीस घरांना पंधरा दिवसांत साधे मीटर देते, मी स्वतः गावात येते. महिनाअखेरीला शेवटच्या पाच दिवसांचं डीपीचं आणि घरांचं रीडिंग जुळलं, तर तुमची लाइन कमी भारनियमनाच्या यादीत घालते. पण तो एक्केचाळिसावा फार मोठा असेल तर जुळणार नाही."

"लई मोठा हाय," चतुराबाई म्हणाली.

परत येताना तिला हसूही येत होतं आणि रडूही. आकडा या शब्दाला दोन अर्थ आहेत हे तिला माहीत नव्हतं असं नव्हे. तिला वाटलं होतं, सरकारला खरा अर्थ समजला असेल.

मॅडम बोलल्याप्रमाणे आल्या. गावात चाळीस मीटर लागले. मोतीराम आता मॅच बघताना मधूनमधून उठून मीटरकडेही बघायचा, तिथंही स्कोअर चालल्यासारखा. महिना संपायला आठ दिवस उरले, आणि नासिरनं अंदाज घेतला तर मेळ काही बसत नव्हता. नत्थुजीचे कूलर दिवसरात्र घुमत होते.

अशात लीलाबाई दळण घेऊन आली. एरवी त्यांचा गडी यायचा. तिनं डबा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. चतुराबाईनं सवयीप्रमाणं ज्वारीत हात घातला. तळाशी बोटांना काही गार, वाकडं लागलं. ओढून काढलं तर हातभर आकडा, जाड तांब्याच्या तारेचा, नीट तीन वेढे दिलेला.

"लीलाबाई, हे काय?"

"काय मालूम बाप्पा. ज्वारीत आलं असन." लीलाबाईनं शांतपणे पदर सारखा केला. "चक्कीत जाऊ नाई म्हनून तू हात घालतेच, मले ठाव होतं. ते अकोल्याले गेले हायेत. मी अकरा वाजाची वाट पाह्यली, नासिरभाऊले बलावलं अन् काढून घेतला. मीटरच्या अर्जावर माह्या नावाची सही केली."

"अन् ते आल्यावर?"

"चाळीस घरच्या बाया उजळ माथ्यानं दिवा लावतात. मी एकलीच काहून चोरून लावू?"

चतुराबाईला तिला मिठी मारावीशी वाटली. पण अंगभर पीठ होतं आणि लीलाबाईचं लुगडं नवं. मग तिनं मारलीच.

नत्थुजी दोन दिवस फणफणले. पण रागवायचं तर आकडा होता हे आधी कबूल करावं लागलं असतं, आणि कपड्याच्या तारेसाठी माणूस किती भांडणार.

महिना संपला. नासिरनं शेवटच्या पाच दिवसांचं डीपीचं रीडिंग घेतलं, घरांचं घेतलं, चक्कीच्या पायरीवर बसून बेरीज केली. मग दुसऱ्यांदा केली. "जुळलं," तो म्हणाला, आणि कागद चतुराबाईपुढं धरला.

पुढच्या सोमवारी अकराला पाच कमी असताना चतुराबाईनं सवयीनं चक्की बंद केली आणि पदरानं तोंड पुसत बसली. गावात बायांनी सवयीनं पाण्याच्या टाक्या भरून घेतल्या, मोतीरामनं टीव्ही बंद केला. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. वरचा पंखा फिरतच होता आणि दिवा पांढराशुभ्र जळत होता. गल्लीत लोक दारात येऊन तारांकडे बघू लागले. वीज जात नाही म्हणून माणसं घराबाहेर आली, असं पिंपळशेंड्यात पहिल्यांदाच झालं. चतुराबाईनं डोळे पुसले आणि बटण दाबलं. मोटर कण्हली नाही. खणखणीत आवाजात सुरू झाली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

आपलं आपण रीडिंग पाठवणारे मीटर गावात यायला पुढं बरीच वर्षं लागली. तो तांब्याचा आकडा मात्र तेव्हापासून चक्कीच्या भिंतीवर आहे, त्याला वजनकाटा टांगलेला असतो.

वीज टिकली त्याच आठवड्यात नत्थुजी स्वतः डबा घेऊन आले. भिंतीवरचा आकडा त्यांनी लगेच ओळखला आणि दुसरीकडे बघितलं. चतुराबाई बाह्या वर सारू लागली तसे म्हणाले, "राहू दे ना. काही नाई त्यात."

"पाहाच लागते, भाऊजी."

तिनं कोपरापर्यंत हात घातला, तळापासून ज्वारी ढवळली आणि हात बाहेर काढला.

"काही नाई," ती म्हणाली, आणि डबा चक्कीत ओतला.