माग थांबले की

गल्लीत कोणी वारलं की बांबू आणायला जागेश्वर पराते धावायचा. बातमी चार घरं पुढे जायच्या आत त्याने चपला घातलेल्या असायच्या.

तांडापेठेतली आमची गल्ली विणकरांची होती. घराघरात माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून माणसं दिवसभर लुगडी विणत. खटखटाट एवढा, की नवा पाहुणा आपोआप मोठ्याने बोलू लागे. मयत झाली की मात्र सगळे माग थांबवायची रीत होती. माणसं घाटावरून परतेपर्यंत मागाच्या धोट्याला कोणी हात लावत नसे. त्या वेळात जागेश्वर इतवारीच्या बाजारात बांबू, मडकं, कापड जमवत हिंडायचा. एक सामान आणून टाकलं, की दुसरं काही राहिलं म्हणून पुन्हा बाहेर पडायचा.

दारात खाटेवर पडलेले म्हातारे शालिकराम त्याला पाहिलं की म्हणत, "आज नाही गा, जागेश्वर. आज मले बरं वाटून राहिलं."

"आरामात जा, काका," तो म्हणे. "तुमच्यासाठी जाड बांबू पाहून ठेवला आहे. वजन आहे तुमचं."

आम्ही सगळे त्याला परोपकारी समजत होतो. तो परोपकारी होताच. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलताना समोरच्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडे पाहणारा. त्याची बायको पार्वतीबाई त्याच्या दुप्पट बोलायची, आणि मुलगी जया त्या दोघांच्या दुप्पट.

मी जवळच्याच शाळेत मास्तर, आणि जया माझ्या वर्गात होती. गणितात चलाख, आणि तिला गप्प बसवणं हे माझं रोजचं काम. तीस जानेवारीला सकाळी अकराला भोंगा वाजला आणि सारी शाळा मौन पाळून उभी राहिली, तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. जयाचे ओठ पांढरे पडले होते. थंडीच्या दिवसांत तिचा झगा घामाने पाठीला चिकटला होता. बाकाची कड तिने अशी धरली होती, की जणू कोणी तिला खाली ओढत आहे. दुसरा भोंगा झाला, मुलं गलका करीत बसली आणि जयाही बसली.

"काय झालं, वं?"

"काही नाही, गुरुजी. सारा आवाज बंद झाला नं."

पार्वतीबाईला विचारलं तर ती म्हणाली, "पाळन्यात होती तवापासून अशीच आहे. माग थांबले की रडे. म्हटलं, सारेच लेकरं रडतात."

पुढे ती माझ्या हाताखालून मोठ्या शाळेत गेली आणि मी ही गोष्ट विसरलो. मॅट्रिकच्या परीक्षेत ती पुन्हा समोर आली. पहिलाच पेपर. मुलं लिहू लागली, वर्ग शांत झाला, आणि जया उत्तरपत्रिका टाकून बाहेर पळाली. दुसऱ्या पेपरला तेच. तिसऱ्याला ती गेलीच नाही.

गल्लीत बोलायला लोकांना विषय मिळाला. कोणी म्हणालं अभ्यास नव्हता, कोणी म्हणालं बाहेरची बाधा. जागेश्वरची आत्या सखूबाई उमरेडला राहायची. तिने तिकडचं एक स्थळ आणलं. मुलगा चांगला होता, पण जयाला शिक्षिका व्हायचं होतं. शेवटी असं ठरलं, की ऑक्टोबरच्या परीक्षेला एकदा बसू द्यायचं. ती पुन्हा पळाली, तर दिवाळीनंतर लग्न.

मी तिला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, डोळे पाहिले. "शरीरात काही दोष नाही," ते म्हणाले. "घरात कोणी असं घाबरतं का? मुलं पाहून शिकतात."

हे मी जागेश्वरला सांगितलं, तेव्हा तो मागावर होता. त्याचे हात थांबले, मग लगेच पुन्हा चालू झाले.

"पाहून?" तो म्हणाला. "गुरुजी, मी तं तिले कधी दिसूच नाही दिलं."

"काय दिसू नाही दिलं?"

विणता विणता, माझ्या गुंडीकडेही न पाहता, त्याने सांगितलं. गल्लीतले माग थांबले की त्याच्या हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, श्वास वरच्या वर राहतो. लहानपणापासून. का, ते माहीत नाही. लग्न झाल्यावर लाज वाटू लागली, म्हणून त्याने बांबू आणायचं काम धरलं. इतवारीत गोंगाट असतो, तिथे बरं वाटतं. पार्वतीलाही कधी कळलं नाही.

"मग पोरगी कोनाचं पाहून शिकली, सांगा?"



उत्तर त्याच्याकडेच होतं, आणि ते त्याला खात होतं. जया पोटात होती त्या वर्षी शेजारची म्हातारी रुख्माबाई वारली. तेव्हा जागेश्वरचा पाय मोडलेला, बांबू आणायला जाता येईना. पार्वती रुख्माबाईच्या घरी रडायला गेलेली. गल्ली चिडीचूप. त्याला सहन झालं नाही, म्हणून दार लावून तो कसाबसा खड्ड्यात उतरला आणि धोटा न टाकता चांगल्या पायाने हळूहळू नुसता माग चालवत बसला. मयतीची रीत मोडली. कोणी ऐकलं नाही, पण म्हातारीने ऐकलं असणार, आणि तिचा राग पोटातल्या पोरीवर उतरला, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

सप्टेंबरमध्ये सखूबाई आली, तेव्हा त्याने तिला विचारलं, की रुख्माबाईच्या नावाने लुगडं-नारळ कसं द्यायचं. मी तिथेच बसलो होतो. जया सुताच्या कांड्या भरत होती. सखूबाईने आधी सगळं ऐकून घेतलं.

"थे म्हातारी तुह्यावर काहून रागावन?" ती म्हणाली. "तिनंच तं तुले या खड्ड्यातून काढलं."

"केव्हा?"

"माय मेली तवा."

"माय मेली तवा मी उमरेडले होतो. तुह्याघरी."

"मंग नेलं तुले उमरेडले. आधी इथंच होता."

जागेश्वर पाच-सहा वर्षांचा असताना गल्लीत पटकीची साथ आली होती. बाप लुगडी विकायला बाहेरगावी गेलेला. आईला उलट्या सुरू झाल्या. पोराने जवळ येऊ नये, म्हणून तिने त्याला मागाच्या खड्ड्यात बसवलं आणि इथून हलू नको म्हणाली. नंतर ती वारली. गल्लीत एकापाठोपाठ एक मयत, त्यामुळे सगळेच माग बंद. एरवी एका घरातला आवाज बंद पडला, की शेजारी डोकावतात. त्या दिवशी कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी रुख्माबाई ताक मागायला आली, तेव्हा पोरगा खड्ड्यात तसाच बसलेला होता.

"रडतही नव्हता," सखूबाई म्हणाली. "तुहा बाप म्हने, त्याले सांगू नका, भुलून जाईन. अन् तू भुलला. म्हटलं बरं झालं."

जागेश्वर खड्ड्याकडे पाहत राहिला. "मले तं काहीच याद नाही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "काहीच नाही, आत्या."

जयाने कांडी खाली ठेवली. "बाबा, हे तुमच्यावर झालं. माझ्यावर तं नाही झालं. मंग मले काहून?"

"मले काय विचारतं, वं? मी सारा जलम इथं बसून राहिलो, मलेच नाही समजत."

"गुरुजी?"

मी चाळीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. बापाचा रंग येतो, नाक येतं, हे शिकवलं. पण बापालाच न आठवणारी भीती मुलीत कुठल्या वाटेने येते, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेलं नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हणालो. सखूबाईला ते मुळीच आवडलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पेपरला जागेश्वर आणि मी जयासोबत गेलो. घंटा झाली, फाटक लागलं, आवार शांत झालं. जागेश्वरच्या कानशिलांवरून घाम उतरू लागला.

"चला, चौकात चहा घेऊ," मी म्हणालो. "तिथे वर्दळ आहे."

"नाही, गुरुजी. पोरगी आत बसून आहे." त्याने फाटकाचा गज धरला. तो आपल्या त्या हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसा पाहत होता. कितीदा वाटलं जया आता पळत येईल. ती आली नाही. शेवटची घंटा झाल्यावर सगळ्यांसोबत बाहेर आली, बोटं शाईने भरलेली.

"लिहिला?"

"लिहिला. दोन सवाल राहिले."

"अन् थे... थे आलं का?"

"आलं नं. अर्ध्यातच आलं. मी म्हटलं, हे तं बाबाचं आहे. तरी गेलं नाही. मंग तसंच लिहिलं."

बाकीचे पेपरही तिने तसेच लिहिले आणि तिसऱ्या वर्गात पास झाली. उमरेडच्या लोकांनी दुसरी मुलगी पाहिली. पार्वतीबाईने गल्लीत पेढे वाटले. जया अध्यापनाच्या वर्गाला जाऊ लागली, आणि तीस जानेवारीला अजूनही तिचे ओठ पांढरे पडतात, असं हसत सांगू लागली.

पेढे द्यायला जागेश्वर माझ्याकडे आला, तेव्हा बराच वेळ बसला.

"गुरुजी, आत्या खोटं नाही बोलनार नं?"

"नाही. ती कशाला खोटं बोलेल?"

"मंग थो पोरगा मीच होतो." त्याने पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मले त्याची दया येते, गुरुजी. पन थो मी आहो, असं काही केल्या वाटत नाही."