त्या दारातून निघालेली नवरी

वाटलेल्या हळदीचा वास आला की बिबवेवाडीजवळची ती वस्ती आठवते. पुनर्वसनाच्या अभ्यासासाठी मी तिथे जायचे. एका सकाळी गेले तेव्हा सगळी घरं पाडून झाली होती. एकच उभं होतं आणि त्यात नवरीला हळद लागत होती. उन्हात विटांची धूळ संथ तरंगत होती, फोनवरची सनई फार लांबून आल्यासारखी वाटत होती. नवरीची आई बुलडोझरवाल्याला म्हणाली, "दादा, पोरगी ह्याच दारातनं जाऊ द्या, मग पाडा." त्याने यंत्र बंद केलं आणि पंगतीत येऊन बसला. संध्याकाळी मुलगी सासरी गेली. आईने उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला नेला नि बुलडोझरवाल्याला म्हणाली, "करा आता सुरू." ते तीन शब्द मला अजून कुठल्याही अहवालात लिहिता आलेले नाहीत.