आरशातला फळा

"बघा रे, हे धनगराचं भिंग!"

मास्तरांनी माझा पेपर सगळ्या वर्गाला दिसेल असा वर धरला. भोरचं हायस्कूल, मॅट्रिकचा वर्ग. चाचणी परीक्षेचे पदार्थविज्ञानाचे पेपर वाटणं चाललं होतं.

"जगाची मेणबत्ती डावीकडे, याची उजवीकडे. किरणसुद्धा उलटे धावतायत. मेंढरांच्या मागे फिरून फिरून याचं डोकंच उलटं झालंय."

वर्ग खो खो हसला. मी पेपर घेतला. उत्तरं बरोबर होती. आकडा न् आकडा बरोबर. तरी भिंगाच्या सगळ्या गणितांना लाल भोपळे. भोपळे म्हणजे विषयात नापास. नापास मुलाला शाळा मॅट्रिकच्या परीक्षेला पाठवायची नाही. आणि आमच्या वाड्यावर कुणाला शिकायला दुसरं वर्ष मिळत नसे. पुन्हा काठी, पुन्हा मेंढरं.

"कुठं बघून काढलंस हे?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्याच घरच्या आरशात."

वर्ग पुन्हा हसला. मास्तर हसले नाहीत. मला ते तेव्हाच खटकलं.

आरशाचं सांगतो. आमचा वाडा वेल्ह्याच्या वरच्या डोंगरात. त्या वर्षी बा आजारी पडला आणि मेंढरांमागे मला जावं लागलं. शाळेत भिंगाचा धडा झाला तेव्हा मी डोंगरात होतो. परत आलो तर गणितांतलं ओ की ठो कळेना. पुस्तक नव्हतं. मग बा बरा झाल्यावर खांद्यावर नवं घोंगडं टाकून भोरला आला आणि मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तर घरी शिकवणी घ्यायचे.

"मास्तर, पोराला तेवढी गनितं दाखवा. फी न्हाई जमायची. ह्ये ऱ्हाऊ द्या."

"विद्येला फी कसली?" मास्तर म्हणाले, आणि घोंगडं घेतलं.

हे वाक्य मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. बाला पटलं. तो पाया पडला.

मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, घोंगड्यावर पाणी शिंपडलं आणि ते आत नेलं. "लोकरीला विटाळ नसतो," त्या बाला समजावून म्हणाल्या. मग मास्तर माझ्याकडे वळले. "तू बाहेर पायरीवर बस हो. मेंढराचा वास खोलीत भरतो."

मेंढरं आमचीच. लोकर त्यांचीच, सूत माझ्या आईच्या हातचं. घोंगडं आत गेलं. मास्तर रोज संध्याकाळी त्यावर मांडी घालून शिकवायचे. मी पायरीवर. वास म्हणे माझा!

फळा होता दाराच्याच भिंतीला, आतल्या अंगानं. पायरीवरून फळ्याचा कोपराही दिसत नसे. दिसायचे ते सतरंजीवर बसलेल्या गावातल्या मुलांचे चेहरे. पण त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर आरसा होता. मास्तर त्यात बघून टोपी घालायचे. त्या आरशात फळा दिसायचा. उलटा, पण दिसायचा. मी मान वाकडी करून बघायचो आणि पाटीवर उतरवायचो. अक्षरं सुलटी करून घ्यायचो. आकृतीही सुलटी करावी लागते हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नाही. भिंगाची आकृती मी दुसरीकडे कुठं बघितली होती? मला वाटलं, मेणबत्ती उजवीकडेच ठेवतात.

पेपर मिळाला त्याच दिवशी संध्याकाळी शिकवणीला गेलो. पायरीवर बसलो. समोर भिंतीवर नुसता खिळा.

"काकू, आरसा कुठं गेला?"

"त्याचा पारा उडालाय. पुण्याला पाठवायचाय." त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या.

पारा आजच उडाला? आतून खडूचा आवाज येत होता.

"पायरीवरच्या, कळतंय का?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही.

"आकृती दिसत न्हाई, मास्तर."

"कान आहेत ना? ऐक."

"आकृती कानानं कशी दिसंल?"

"मग जा डोंगरावर. मेंढरांना भिंगं लागत नाहीत."

मुलं हसली. माझे कान तापले. रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. मी उठलो आणि उंबरा ओलांडला. पहिल्यांदाच. पाय धुळीचे होते. तसाच मास्तरांपुढे जाऊन उभा राहिलो.

"ह्या घोंगड्याला बी मेंढराचाच वास हाय. ह्ये आत बसतंय तर मी बी आत बसतो. न्हाईतर दोघंबी भाईर."

मी वाकून घोंगड्याचा काठ धरला. माझा हात लागेल म्हणून मास्तर चटकन उठले. काकू दारात आल्या. "अहो, शिवला तो! सोवळ्यातलं आहे ते!"

"लोकरीला इटाळ नसतो काकू. तुमीच म्हनला व्हता."

घोंगड्याची घडी केली, खांद्यावर टाकली आणि बाहेर पडलो. बाला काय सांगायचं, हे रस्ताभर सुचत नव्हतं.

सकाळी पेपर घेऊन हेडमास्तरांपुढे उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, कागद उलटा करून उजेडाकडं धरा." त्यांनी धरला. पातळ कागदातून मेणबत्ती डावीकडे गेली, किरण सुलटे झाले. ते बराच वेळ बघत राहिले आणि हसले. मार्क दिले. परीक्षेला जाणाऱ्यांत माझं नाव आलं. मास्तरांना मात्र ते माझ्यासमोर एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांच्या त्या हसण्याचाही मला भरवसा वाटला नाही.

त्याच दुपारी शिकवणीतला वकिलांचा मुलगा मला शोधत नीरेच्या घाटावर आला.

"मास्तरांनी सांगितलंय, उद्यापासून आत बस. आणि येताना घोंगडं घेऊन ये."

खोटं कशाला बोलू? जावंसं वाटलं. विजेचा अख्खा धडा राहिला होता आणि परीक्षा तोंडावर आली होती. मास्तर शिकवायचे चांगलं, तेही खरं. पण बोलावणं मला होतं की घोंगड्याला?

"आरसा गेला का पुन्याला?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "नाही. तू गेलास, आणि मास्तरांनी तो आतून आणून परत खिळ्याला लावला."

म्हणजे पारा शाबूत होता. मी बघतो म्हणून उतरवला होता. मला उलटं का होईना, दिसत होतं. तेवढंही त्यांना सोसलं नव्हतं.

"सांग त्यास्नी," मी म्हणालो, "येनार न्हाई. मी बी न्हाई आन् घोंगडं बी न्हाई."

तो गेला. मी घाटाच्या पायरीवर घोंगडं पसरलं, त्यावर बसलो आणि मागून आणलेलं पुस्तक उघडून विजेच्या धड्याची पहिली आकृती काढायला घेतली. फार काही कळली नाही. पुसली. पुन्हा काढली.

त्या दिवशी ठरवलं ते आजवर मोडलेलं नाही. कुणी कितीही गोड बोलून शिकायला बोलावलं, तरी दारात उभं राहून आधी बघायचं, फळा कुठं आहे. दिसत नसेल तर बसायचं नाही.