धुऱ्यावरची टाच

मी गडचांदूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आसपास सिमेंटचे कारखाने, त्यामुळे सकाळी पुसलेलं टेबल दुपारपर्यंत पुन्हा पांढरं होतं. त्याच टेबलावर बसून गेली काही वर्षं मी एक असा उद्योग करते, ज्याला पगार नाही आणि जो घरी कोणाला धड समजावून सांगता येत नाही. जमिनीवरून आणि जमिनीच्या पोटातून पाणी कसं वाहतं, याचं गणित संगणकावर मांडणारं एक सॉफ्टवेअर आहे. ते कोणाच्या मालकीचं नाही. त्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे. कोणीही वाचावा, चूक काढावी, सुधारून पाठवावा. तुम्ही सुधारणा पाठवली की कुठले कुठले अनोळखी लोक ती ओळ न् ओळ तपासतात आणि पटली तर मूळ कोडमध्ये घेतात.

माझी पहिली सुधारणा एका ओळीची होती. जमीन पूर्ण कोरडी असेल तेव्हा एका ठिकाणी शून्याने भागाकार होत होता, तो मी टाळला. त्या एका ओळीवर चार जण तीन दिवस बोलले. एकाने माझी चूक दाखवली, दुसऱ्याने त्याची चूक दाखवली, आणि कोणीही कोणावर चिडलं नाही. मी तशी शीघ्रकोपी, स्टाफरूममध्ये खडूवरूनही भांडणारी. मला हे नवलच वाटलं. शेवटी ओळ आत घेतली गेली तेव्हा मी पंखा बंद करून शांतपणे बसून राहिले. माझ्या खोलीतली ती ओळ आता कुठल्या देशात कोणत्या नदीचं पाणी मोजेल, हे मला कधीच कळणार नव्हतं. माझं अख्खं लेक्चर कॉलेजात कधी कोणी एवढ्या लक्षाने ऐकलेलं नाही.

पुढे माझी गाठ एका संशोधक बाईंशी पडली. त्या दुसऱ्या एका देशातल्या, पण त्यांच्याकडेही भातच पिकतो. आम्ही दोघींनी कधी एकमेकींचा चेहरा पाहिलेला नाही, आमची सगळी ओळख कोडच्या खाली लिहिलेल्या शेऱ्यांमधली. या सॉफ्टवेअरला गव्हाचं शेत कळत होतं, जंगल कळत होतं, पण भाताची बांधी कळत नव्हती. आमच्याकडे भातशेतीचा एक एक तुकडा म्हणजे बांधी. चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, आणि आत घोट्याएवढं पाणी उभं. आम्ही ठरवलं की बांधीचा भाग आपण दोघींनी मिळून लिहायचा. सॉफ्टवेअरची मुख्य जबाबदारी बर्फाच्या देशातल्या एका वृद्ध प्राध्यापकांकडे आहे. ते म्हणाले, जरूर लिहा, पण खऱ्या बांधीत मोजलेले आकडे पाहिजेत. तुमचं गणित त्या आकड्यांशी जुळलं, तरच ते पुढच्या आवृत्तीत जाईल.

खरी बांधी माझ्या घरीच होती. सावली या तालुक्याच्या गावाजवळच्या एका खेड्यात आमची थोडी धानाची शेती आहे आणि ती आई एकटी पाहते. मी एका बांबूला स्टीलची मोजपट्टी बांधली, रोवणी, म्हणजे भाताची लावणी, झाल्यावर तो बांबू मधल्या बांधीत रोवला, पाऊस मोजायचं नळकांडं धुऱ्यावर बसवलं आणि आईला एक वही दिली. म्हटलं, रोज सकाळी पाणी कुठपर्यंत आहे ते लिहायचं. आई सातवी शिकलेली, आकडे मोत्यासारखे काढते. रोज सकाळी बांधीवर तिची फेरी असायचीच, त्यामुळे वेगळं जावंही लागणार नव्हतं. दर रविवारी फोनवर ती मला आठवड्याचे आकडे वाचून दाखवायची आणि मग विचारायची, "जेवली का?"

श्रावण संपेपर्यंत पुरेसे आकडे जमले आणि आम्ही गणित लावून पाहिलं. काही जुळेना. आमच्या गणितात धुरा म्हणजे भिंत होती, त्यामुळे संगणकातल्या बांधीत पाणी तुंबून राहायचं आणि आईच्या वहीत ते कमी व्हायचं. पाणी जातं कुठे? पंधरा दिवस आम्ही कोडमध्ये चूक शोधली. एका सकाळी त्या बाईंचा शेरा आला: तुमच्याकडे धुऱ्याला खेकडे भोकं पाडतात का? मी कपाळावर हात मारला. लहानपणी त्याच भोकांत हात घालून खेकडे धरले होते मी! हजारो मैलांवरच्या बाईंच्या धुऱ्यालाही तसाच खेकडा आहे, त्याच उद्योगाला लागलेला, याचं मला दिवसभर हसूही येत होतं आणि अंगावर शहारेही.

आम्ही खेकडा गणितात घातला. रात्री भोकं पडतात, त्यातून पाणी खालच्या बांधीत झिरपतं, भोकं वाढत जातात. आता उलटंच झालं. संगणकातली बांधी पोळ्याच्या आतच कोरडी पडली, आणि आईच्या वहीत मात्र पाणी चांगलं उभं. धुरा भिंत धरला तर आकडे जुळत नव्हते, चाळणी धरला तरी नाही.

प्राध्यापकांनी फार सभ्य भाषेत लिहिलं. गणित बरोबर दिसतं आहे, मोजलेले आकडेच विश्वासार्ह नसावेत. पोळ्यानंतर तर पाणी एका दिवसात पस्तीस मिलिमीटर, म्हणजे दोन बोटं, उतरलेलं दिसतं आणि त्याला काही कारण नाही. हे शेत सध्या वगळावं. पुढची आवृत्ती निघायला महिना आहे, तेवढ्यात दुसरे आकडे मिळाले तर पाहू. म्हणजे आईचा अख्खा हंगाम बाद. आणि त्या चर्चेत कायमचं लिहिलेलं राहणार, उघड्यावर, की हे आकडे भरवशाचे नाहीत.

मला राग आला, आणि तो भलत्याच ठिकाणी निघाला. मी आईला फोन केला. "तू खरंच रोज जातेस का बांधीवर, की घरी बसून आकडे टाकतेस?"

ती म्हणाली, "तुले असं वाटते?"

"मला नाही वाटत, आकडेच सांगतात."

"मंग इथी ये अन् पाह्य," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी तिने जेवली का विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी मी चंद्रपूर, मूल अशा गाड्या बदलत गावी पोचले. आई बोलली, पण कामापुरतं. रविवारी सकाळी ती फेरीला निघाली आणि मी मागे. ती अनवाणी, मी सँडल हातात घेऊन. धुऱ्यावरून चालता चालता ती मध्येच थांबली, उजवी टाच दाबली, अर्धी गिरकी दिली, पायानेच थोडा चिखल ओढून वर लोटला आणि पुढे गेली. थोड्या अंतरावर पुन्हा तेच. तिची नजर लांब दुसऱ्याच बांधीतल्या बगळ्यांवर होती. तिसऱ्यांदा तिने टाच दाबली तेव्हा मी वाकून पाहिलं. टाचेखाली खेकड्याचं ताजं भोक होतं आणि त्यातलं वाहतं पाणी नुकतं बंद झालं होतं. एका फेरीत तिने अशी अकरा भोकं बुजवली.

"माय, हे तू रोज करतेस?"

"मंग का खेकड्याच्या घरी पाणी भरू?"

"मग वहीत का नाही लिहिलंस?"

ती थांबली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "तू पाणी लिव म्हन्ली, मी पाणी लिवलं. पायाचं कुठी बोलली तू?"

मी तिथेच धुऱ्यावर बसले. आमच्याकडे कुठलीही बाई वाहतं भोक पाहून तसंच पुढे जाऊ शकत नाही, तिचा पाय आपोआप पडतो. मी याच धुऱ्यांवर वाढले, तरी मला हे लिहून घ्यायचं सुचलं नाही, आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. आमच्या गणितात पाऊस होता, ऊन होतं, माती होती, खेकडा होता, फक्त माणूस नव्हता. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ऊठ, लुगडं भिजून राह्यलं तुह्यं." मी सलवार घातली होती, पण मी उठले.

त्याच दुपारी ओसरीत बसून मी कोड लिहिला. रोज सकाळी एकदा सगळी भोकं बंद. रात्री पुन्हा नवी. जेमतेम आठ ओळी. त्या संशोधक बाईंनी तो चालवून आलेख पाठवला. मोजलेले आकडे म्हणजे ठिपके आणि गणिताने काढलेलं पाणी म्हणजे एक रेषा. रोवणीपासूनचे ठिपके एकामागून एक त्या रेषेवर बसलेले. मी फिजिक्स शिकवते, असं होऊ शकतं हे मला ठाऊक आहे. तरी मी आलेख मोठा करून एकेक ठिपका पुन्हा तपासला. पाण्याने नियम पाळला होता, खेकड्याने पाळला होता, आणि माझ्या आईची टाच दोन महिने इतकी नेमाने पडली होती की ती समीकरणात मांडता आली. मला नमस्कार करावासा वाटला, पण नेमका कोणाला ते कळेना.

एकच ठिपका रेषेखाली होता. पोळ्यानंतरचा, दोन बोटं पाणी उतरल्याचा; दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या पावसाने बांधी पुन्हा भरली होती. प्राध्यापकांनी लिहिलं: बाकी सगळं मान्य, या एका दिवसाचं काय?

मी लॅपटॉप आईसमोर ठेवला. रेषा कुठली, ठिपके कोणते ते सांगितलं आणि खाली पडलेला ठिपका दाखवला. ती खूप वेळ पाहत राहिली. मग त्याच्यावर नाही, त्याच्या आधीच्या तीन ठिपक्यांवर तिने बोट ठेवलं. ते तिन्ही रेषेवर नेमके बसलेले होते.

"हे तीन खोटे होत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"त्या तीन दिस मी गेलीच नाई. अंदाजानं लिवले. खालचा हाये ना, तो खरा होय. चवथ्या दिसी गेली तं पाणी उतरून गेलं होतं."

"का नाही गेलीस?"

"ताप होता. उठताच येत नव्हतं." मग म्हणाली, "तू फोनवर घरी बसून टाकते का म्हन्ली, तवा मले वाटलं, इले कसं समजलं."

खाटेवर तापात पडून तिने जे तीन आकडे लिहिले, ते गणिताने काढलेल्या पाण्याशी मिलिमीटरला जुळत होते, कारण धुऱ्यावर आपण असतो तर पाणी किती असतं हे तिला झोपूनही ठाऊक होतं. मी लगेच संगणकातल्या बांधीत त्या तीन सकाळी टाच बंद केली आणि गणित पुन्हा चालवलं. रेषा तीन दिवस वाकत गेली आणि चौथ्या दिवशी त्या खालच्या ठिपक्याच्या बरोबर मधून निघाली. मी ओरडलेच. आई दचकली. तिच्या टाचेचं मोल किती, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कशानेच सिद्ध झालं नसतं: तीन दिवस ती नाही, तर दोन बोटं पाणी नाही. मी हसत होते, डोळे पुसत होते, तिला पुन्हा पुन्हा ती रेषा दाखवत होते. ती म्हणाली, "पाह्यलं वो, पाह्यलं," आणि कांद्याची पात खुडायला परसात गेली.

संध्याकाळी मी सगळं प्रामाणिकपणे लिहून पाठवलं. ते तीन अंदाजाचे आकडे फाइलमधून काढले आणि त्यांच्या जागी लिहिलं: नोंद नाही, मोजणाऱ्या व्यक्तीला ताप होता, धुऱ्यावर कोणी गेलं नाही. टाच बंद केल्याचा आलेख जोडला. दुसऱ्या सकाळी प्राध्यापकांचं उत्तर आलेलं होतं. आकडे विश्वासार्ह नाहीत हे आपलं म्हणणं ते उघडपणे मागे घेत होते. इतकं स्वच्छ मोजलेलं शेत आपण क्वचितच पाहिलं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि आमचा बांधीचा भाग मूळ कोडमध्ये घेतला होता. मी ते दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा. आईचा हंगाम आता कोणी वगळू शकणार नव्हतं.

त्याखाली त्या बाईंचा शेरा होता. त्यांनी अभिनंदन केलं नव्हतं की आलेखाबद्दल काही लिहिलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं: ताप कशाचा होता, आणि आता त्यांची तब्येत कशी आहे?

पोळ्याला मी घरी आले नव्हते, याच कोडचं काम करत गडचांदूरला बसले होते. तापानंतरच्या रविवारी फोनवर मी ते तीन आकडेही लिहून घेतले होते, आणि जेवली का हे तिनेच मला विचारलं होतं. काल दुपारपासून मी तो ताप तीन दिवसांचा, दोन बोटांचा, असा धरून चालले होते, त्याचा आलेखही काढला होता.

आई फेरीला निघून गेली होती. ताप कशाचा होता, हे मी तिला विचारलंच नव्हतं. मी लॅपटॉप मिटला आणि तिला गाठायला अनवाणीच धुऱ्यावर निघाले.